पाटा त्यांच्या दारात, वरवंटा आमच्या

वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. घरात माय आणि मी, दोघीच. सोलापूरहून उमरग्यावरून हैदराबादेला जाणाऱ्या सडकेचं काम तेव्हा चालू होतं, तिथं माय खडी फोडायला जायची. सकाळी भाकरी, संध्याकाळी आंबील. पावसाळ्यात तरवट्याची भाजी फुकट मिळायची म्हणून पावसाळा मला फार आवडायचा. एकच लुगडं असल्यानं माय ते अर्धं नेसून अर्धं वाळवायची. हे मी लाजत सांगत नाही. होतं तसं होतं.

आमची वस्ती गावकुसाबाहेर, बेनितुरा नदीच्या अंगाला. पंधरा-वीस घरं, सगळी ख्रिस्ती. आजोबांच्या काळात सोलापूरकडून घोड्यावर बसून एक पादरी आला आणि वस्ती ख्रिस्ती झाली. तो कसा आला हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ होतं. नदीला पूर आला होता, पादऱ्यानं काठी वर केली, नदी दुभंगली, आणि पांढरा घोडा मधून असा आला की त्याच्या खुराला चिखल लागला नाही.

गरिबीबद्दल बोलायचं तर वरवंट्याबद्दल बोलायलाच पाहिजे. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ वेगळे निघाले त्या दिवशी भांड्यांवरून दोघी जावांचं जोराचं भांडण झालं. शेवटी मोठ्या मायनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं, पाटा धरला आणि मायनं वरवंटा. कुणीच सोडला नाही. तेव्हापासून पाटा त्यांच्या दारात आणि वरवंटा आमच्या. दोन दारांमध्ये वीस पावलांचं अंतर. माय सडकेवरून आणलेल्या सपाट धोंड्यावर चटणी वाटायची, ती दाताखाली करकरायची. मोठी माय चांगल्या पाट्यावर नदीतला गोटा फिरवायची. वडील गेले तेव्हा ती येऊन रडून गेली, पण मायशी एक शब्द बोलली नाही.

मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गोष्ट सांगावी तर तिनंच. खडीच्या ढिगावर बायका म्हणायच्या, सांग गं एखादी. मग लाल समुद्र, सिंहांची गुहा, पाण्यावर चालणारा येशू, आणि सगळ्यात शेवटी आमचा पादरी आणि त्याचा पांढरा घोडा. मुकादम पहिल्यांदा ओरडला. मग तोही ऐकायला लागला आणि त्यानं एकच अट घातली, गोष्ट चालू दे पण हातोडा थांबू देऊ नको. त्यामुळं मायची गोष्ट हातोड्याच्या ठेक्यात बसली. येशू बोटीत, ठक. वारा सुटला, ठक. शिष्य भ्याले, ठक ठक.

ही कीर्ती तालुक्याच्या मिशन बंगल्यातल्या गोऱ्या मडमच्या कानावर गेली. ती एकदा सडकेवर गाडी थांबवून तासभर उभी राहिली आणि मायला बायबलबाईचं काम देते म्हणाली. बायबलबाई म्हणजे गावोगाव घरोघर जाऊन बायांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी. पांढरं लुगडं, छत्री, आणि चित्रांची एक मोठी गुंडाळी. एक वर्ष उमेदवारीचं, मग परीक्षा. परीक्षा पास झाली तर काम कायमचं, आणि काम कायमचं झालं तर मुलीला सोलापूरच्या मुलींच्या बोर्डिंगात जागा. मुलगी म्हणजे मी. आमच्या वस्तीच्या शाळेत चार इयत्ता होत्या आणि माझी तिसरी संपत आली होती. चौथीच्या पुढं एकतर सोलापूर, नाहीतर खडी. तिसरं काही नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी मायबरोबर जायची आणि चित्रांची गुंडाळी धरायची. सगळ्यात जास्त रंगत यायची ती शेजारच्या गावातल्या एका लिंगायत दुकानदाराच्या घरी. त्याची म्हातारी आई, तिला सगळं गाव अव्वा म्हणायचं. ती ओसरीवर बसायची, आम्ही खाली अंगणात. पाणी वरून ओंजळीत वाढायची, पण गोष्ट ऐकायला पहिली. ऐकायची म्हणजे काय, सामनाच असायचा. मायनं सांगितलं की येशू पाण्यावरून चालला, की अव्वा म्हणायची, त्यात काय, आमच्या मठाचे स्वामी तर घोंगडीवर बसून नदी पार करायचे. मायनं मेलेला उठवला की अव्वाचे स्वामी जळालेलं झाड फुलवायचे. माझी माय हार मानणारी नव्हे. पाच भाकरींनी पाच हजार माणसं जेवली, हे शास्त्रातलं. अव्वासमोर ती दहा हजार झाली, पुढच्या खेपेला त्यांची बैलं-बकरीही जेवली. आणि एकदा अव्वाचे स्वामी फारच वर चढले, तेव्हा मायनं सरळ आमच्या पादऱ्याची नदी आणि पांढरा घोडा येशूला देऊन टाकला.

मला वाचता येत होतं. शास्त्रातल्या त्या गोष्टीत घोडा नाही हे मला माहीत होतं. पण गोष्ट अशी झकास झाली होती की मी काही बोलले नाही.

परीक्षा मिशन बंगल्याच्या व्हरांड्यात झाली. खुर्चीवर मडम, शेजारी चर्चचा पाळक, खाली सतरंजीवर आठ-दहा बायबलबाया आणि मागं भिंतीला टेकून मी. मडम पुस्तकातल्यासारखं शुद्ध मराठी बोलायची. तिनं मायला वादळ शांत केल्याची गोष्ट विचारली. मायनं डोळे मिटले आणि सुरू केलं. बोट निघाली, वारा सुटला, शिष्य भ्याले. बाया तर रंगून गेल्या. आणि मग नदी दुभंगली.

मडमनं मान वर केली आणि विचारलं, "घोडा?"

"पांढरा, मडम," माय म्हणाली. "खुराला चिखल लागला न्हाय त्याच्या."

बाया पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मडमनं शांतपणे विचारलं की हे कुठल्या अध्यायात आहे. मायनं वळून माझ्याकडं बघितलं. मी सतरंजीचे दोरे मोजत होते. आपली गोष्ट चुकली हे तिला तिथंच कळलं.

पाळक मऊ मनाचा माणूस. त्यानं सोपा प्रश्न घातला, की असू दे, येशूनं आपल्याला काय करायला सांगितलं तेवढं सांगा. मायनं एकेक गोष्ट मनात चाळली. तिच्या सगळ्या गोष्टींत येशू काय करतो ते होतं. काय करायला सांगतो हे तिला एकाच ठिकाणी आठवलं, ते येशूनं बरं केलेल्या लुळ्या माणसाच्या गोष्टीत.

"बाज उचल आन् घरी जा," ती म्हणाली.

या वेळी पाळकही हसला. मडम मात्र हसली नाही. मायला नापास केलं, पण चार महिन्यांनी पुन्हा या म्हणाली. तोपर्यंत सोलापूरची जागा राखून ठेवीन, त्यापुढं नाही.

घरी येताना माय माझ्यावर चिडली नाही. चिडली ती मडमवर. शास्त्रात नसेल, पण नदी दुभंगली हे खरं आहे, आणि त्याला साक्षीदार आहे, असं तिचं म्हणणं. साक्षीदार म्हणजे वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस, माझ्या वडिलांचा चुलता; मायचा चुलतसासरा, म्हणून ती त्याला मामा म्हणायची. पादरी आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. त्याला मडमपुढं उभं करायचं असं ठरवून माय रविवारी प्रार्थनेनंतर मला घेऊन त्याच्याकडं गेली. म्हातारा भिंतीशी ऊन खात बसला होता.

"नदी दुभंगली ती तुमी डोळ्यांनी बघितली नव्हं, मामा?" मायनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मनापासून नवल केलं. "दुभंगती व्हय नदी? पूर उतरायची वाट बघत बसला की त्यो. तीन दिस. आमच्या खोपीत. घोडा भाईर भिजत हुता. आन् पांढरा कुठला, तांबडा घोडा."

माय म्हणाली, "मग तीन दिस काय केलं त्यानं?"

"जेवला," म्हातारा म्हणाला. "माझ्या मायनं भाकरी थापली, त्याच्या हातात दिली, आन् त्यानं खाल्ली. आमच्या मडक्यातलं पाणी प्याला. बापाच्या मांडीला मांडी लावून बसला. तवर आमच्या हातचं कोण खात हुतं, सांग की. चौथ्या दिशी बापानंच इचारलं, तुमचा देव कोन, बाबा."

मग नदीची गोष्ट कुणी काढली, असं मी विचारलं. म्हाताऱ्याला जराही संकोच वाटला नाही. "म्या काढली. नातवंडांना काय सांगू, पादरी आला आन् जेवला? कोण ऐकतंय असलं?"

माय घरी आली. चूल पेटवताना एकदाच म्हणाली, जेवला, एवढंच. ती हे नाराजीनं म्हणाली की आणखी कशानं, ते मला तेव्हा कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून शास्त्र माझ्या हातात दिलं. म्हणाली, यात त्यानं करायला काय सांगितलंय तेवढंच वाच. चमत्कार मला येतात.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. म्हणून शाळा सुटल्यावर, उजेड असेपर्यंतच वाचायचं. मी येशूचं डोंगरावरचं प्रवचन काढलं. गालात मारली तर काय करावं, शत्रूशी कसं वागावं, दान गुपचूप करावं, उद्याची काळजी करू नये. माय हनुवटीवर हात ठेवून ऐकत राहिली. दोन पानं झाली तेव्हा तिनं मला थांबवलं.

"ह्यात काय घडतच न्हाय गं," ती म्हणाली.

खरंच होतं. बोट नाही, वादळ नाही, कुणी आंधळा डोळस झाला नाही. नुसतं हे करा आणि ते करू नका. जिला पन्नास गोष्टी एकदा ऐकून पाठ झाल्या तिला ही चार वाक्यं पाठ होईनात. शेवटी तिनंच युक्ती काढली. चटणी वाटायला धोंड्यापुढं बसायची आणि वरवंट्याच्या ठेक्यावर म्हणायची, जशी सडकेवर हातोड्याच्या ठेक्यावर म्हणायची तशी. एका वाक्याला वरवंट्याची एक फेरी. त्या दिवसांत आम्ही इतकी चटणी खाल्ली की माझ्या जिभेची साल निघाली. पण महिन्याभरात तिला सगळं पाठ झालं. त्यातलं एक असं होतं, की देवाला दान द्यायला निघालास आणि आपल्या माणसाचं आपल्याशी वाकडं आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. वरवंटा हातात धरून माय हे पन्नासदा म्हणाली असेल. मीही पन्नासदा ऐकलं. आम्हा दोघींच्या डोक्यात काही म्हणजे काही उजेड पडला नाही.

मग आम्ही अव्वाकडं गेलो. अव्वा सामन्याच्या तयारीत बसली होती. माय म्हणाली, आज चमत्कार नाही, आज नुसतं सांगणं आहे. अव्वानं नाक मुरडलं, पण ऐकलं. मायनं ठेक्यात सगळं म्हटलं, हाताला वरवंटा नसल्यानं मांडीवर थापटी देत. समेटाचं वाक्य आलं तेव्हा अव्वा तिला थांबवून म्हणाली, परत म्हण. मायनं परत म्हटलं.

मी अव्वाच्या स्वामींची वाट बघत होते. ते काही आले नाहीत. अव्वा ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाली, "ह्याला जबाब न्हाय बघ माझ्याकडं." आणि लगेच, डोळे बारीक करून, "तू केलंस का पण?"

"काय, अव्वा?"

"समेट. दारोदार सांगत फिरतीस. तुझं वाकडं कुणाशीच न्हाय व्हय?"

मायनं माझ्याकडं बघितलं. या वेळी मी नजर चुकवली नाही.

तीन मैल चालून घरी आलो. मायनं छत्री ठेवली, चित्रांची गुंडाळी खुंटीला लावली, वरवंटा उचलला, पाण्यानं स्वच्छ धुतला आणि डोक्यावर पदर घेतला. वीस पावलं. मी जन्मापासून ते अंतर बघत होते, पण मायला ते चालताना पहिल्यांदाच बघितलं. मोठी माय दारात ज्वारी निवडत होती. वस्तीतल्या बाया आपापल्या दारातून बघायला लागल्या. एकीनं तर चुलीवरचं तसंच टाकलं.

"अक्का, हे ठिवा," माय म्हणाली आणि वरवंटा सुपाशेजारी ठेवला.

मोठ्या मायनं आधी वरवंट्याकडं बघितलं, मग मायकडं. "मडमनं सांगितलं वाटतं परीक्षेसाठी."

"मडमनं न्हाय. त्या दुकानदाराच्या अव्वानं."

हे उत्तर मोठ्या मायला अजिबात अपेक्षित नव्हतं. तिला हसू आलं, ते तिनं दाबलं, पण दाबता दाबता डोळ्यांतून आलं. म्हणाली, "इतकी सालं चटणीला चव न्हाय माझ्या. आन् तुला आत्ता सुचलं, व्हय गं भवाने?"

पाटा बाहेर आला. वरवंटा त्यावर ठेवला तर नीट बसेना. गोल गोट्यानं पाट्याला एका जागी खळगा पडला होता आणि धोंड्यावर घासून आमचा वरवंटा एका बाजूनं चपटा झाला होता. पुढं पाट्या-जात्यांना टाकी लावणारी वडारीण आली तेव्हा तिनं दोन्हींना टाकी मारली आणि विचारलं, बाई, ह्यांची ही दशा कुणी केली. दोघी जावांनी एकमेकींकडं बोट दाखवलं. पण त्या दिवशी तसाच, खडखडत, जवसाची चटणी वाटली. मोठ्या मायनं भाकरी थापल्या. आम्ही सगळे त्यांच्या दारात बसून जेवलो. मधेच मायचा घास हातातच राहिला आणि ती पलीकडं भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्या मामांकडं बघत राहिली. मग तिनं एक भाकरी आणि चटणी त्यांना नेऊन दिली.

दुसऱ्या खेपेला परीक्षेला निघताना मोठी माय बरोबर आली. तोच व्हरांडा, तीच सतरंजी, त्याच बाया, आणि या वेळी त्या आधीपासूनच पदर सावरून बसलेल्या. पाळकानं तोच प्रश्न विचारला. येशूनं आपल्याला काय करायला सांगितलं?

मायला सगळं प्रवचन पाठ होतं. ते तिनं म्हटलं नाही. तिनं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ होते, ते वेगळे निघाले. पाटा एकीकडं गेला, वरवंटा दुसरीकडं. करकरणारी चटणी, वीस पावलांचं अंतर, अव्वाचा प्रश्न, सगळं आलं. एकही नदी दुभंगली नाही. बाया हसल्या, पण या वेळी पदर तोंडात न कोंबता. कोपऱ्यात मोठी माय मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मडमनं शास्त्र उघडलंच नाही.

शेवटी पाळकानं विचारलं, "तो वरवंटा आता कुठं आहे?"

"पाट्यावर," माय म्हणाली.

मडमनं कागदावर सही केली. मग मायला विचारलं की तुमच्या पादऱ्याची ती नदीची गोष्ट आता सांगत नाही ना. माय खोटं बोलली नाही. म्हणाली, पोरांना सांगते. पण आधी सांगते की हे शास्त्रातलं नाही, आपल्या नदीचं आहे. आणि मागून सांगते की तो पादरी आपल्याकडं खरंच जेवला होता.

अव्वाला ही हकिकत कळली तेव्हा ती एवढी हसली की तिला ठसका लागला. मोठ्या मायसाठी तिनं गुळाची अख्खी ढेप पाठवली. त्यांचा सामना पुढंही चालू राहिला, पण नव्या तऱ्हेनं. माय एक सांगणं सांगायची, अव्वा तिच्या लिंगायत संतांच्या वचनांतलं एक सांगायची, आणि मग दोघी मिळून ठरवायच्या की गावात हे करणारं कोण आहे. बहुधा कुणी सापडायचं नाही. त्यात दोघींना फार मौज वाटायची.

जूनमध्ये मी सोलापूरला निघाले. सर्व्हिस मोटार हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकात नाक्यावर, थांबली, निजामाच्या शिपायानं माझी पत्र्याची पेटी उघडायला लावली. आत दोन परकर, एक पाटी, आणि मोठ्या मायनं दिलेली चटणीची पुरचुंडी. शिपायानं वास घेतला आणि चिमूटभर मागून घेतली. पलीकडं इंग्रजांचा मुलूख सुरू झाला. मी खिडकीतून हात बाहेर काढून वारा धरत राहिले. इतक्या आनंदात मी नंतर फार थोड्या वेळा होते.

बोर्डिंगात सात वर्षं गेली. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या साली मी मॅट्रिक झाले, आणि चार वर्षांनी बी.ए. आमच्या घराण्यात शाळेची चौथी ओलांडलेली मी पहिली, आणि वस्तीतली पहिली पदवीधर. हे मी मिरवते. मिरवायला पाहिजे असं माझं मत आहे. मायनं पंचवीस वर्षं बायबलबाईचं काम केलं, आणि साठीच्या आत मोठ्या मायच्या दारात बसून स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला शिकली.